गाठ उजवीकडेच आहे

९ जून

चि. भुंग्या,

पत्रास कारण विशेष काही नाही, आणि थोडं आहेही. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला ओरडून सांगत असतोस. कागदावर तू एकटाच असतोस, ते बरं.

तर, मी एका मंडळात जायला लागले आहे. दर मंगळवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. कसलं मंडळ ते विचारू नकोस, सांगणार नाही. एक तर तू हसशील आणि दुसरं कारण मला वर्षअखेरपर्यंत पोटात ठेवायचं आहे. एवढंच सांगते की निवृत्तीनंतर नऊ वर्षं भिंतींशी बोलून झालं. आता हाताला काम हवं आणि कानाला नाही तरी डोळ्यांना माणसं हवीत.

पण पहिल्या दिवशी अशी फजिती झाली! तेरा बायका आणि दोन पुरुष गोल करून बसले होते. मधे आमच्या मास्तरीणबाई. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यांनीच मंडळ काढलं आणि प्रत्येक गोष्टीला आखूड नाव ठेवलं. एक बाई म्हणाल्या, "माझे यंदा चार अ.रा. झाले." दुसऱ्या म्हणाल्या, "माझ्याकडे तर सा.ज. आहे, मला काय धाड भरली?" सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगते कुणाला! मग माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्या हातातलं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "याला बे.उ. शिवाय गती नाही हो." मी म्हटलं, "हो का? बघते मग." घरी येऊन रडकुंडीला आले.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढले. साऱ्या शहराच्या नळाच्या खुणा मला तोंडपाठ होत्या. आणि इथे मी पहिलीतली पोर. पुढच्या मंगळवारी जावं की नाही, या विचारात आहे.

तुझी बायको कशी आहे? बेकरीतलं पहाटेचं काम तिने सोडावं असं मला वाटतं, पण मी सांगितलं म्हणून ती ते मुद्दाम धरून ठेवील, म्हणून सांगत नाही.

तुझी,
ताई


१७ जून

प्रिय ताई,

जायचं. विचार कसला करतेस?

मी कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले, "गाडी आजारी आहे, तिला खाली नेऊन झोपव." मी रस्त्यावर जाऊन तासभर गाडी शोधत होतो. आमच्यात लिफ्टच्या डब्याला गाडी म्हणतात, हे मला कोण सांगणार? उस्ताद बाहेर आले तेव्हा मी एका अनोळखी माणसाच्या मोटारीपाशी उभा राहून त्याला विचारत होतो, "ही आजारी आहे का?" त्यावरून पुढे दोन वर्षं मला सगळे डॉक्टर म्हणायचे. तेव्हा लाजू नकोस. विचार. जो विचारतो त्याचं एक दिवस हसं होतं, जो विचारत नाही त्याचं जन्मभर.

मंडळ कसलं असेल यावर इथे पैजा लागल्या आहेत. माझं म्हणणं, पोस्टाची तिकिटं. बायकोचं म्हणणं, पक्षी. हातातलं पाहिलं म्हणालीस म्हणजे पक्षी नसावेत, असं मी तिला पटवतो आहे. ती म्हणते, दुर्बीण असेल.

बेकरीचं तिला वाचून दाखवलं. ती खूप हसली आणि म्हणाली, "ताईंना सांगा, आता तर मुळीच सोडणार नाही."

तुझा,
भुंग्या


८ ऑगस्ट

प्रिय ताई,

काल तुझं पाकीट आलं. वर पत्ता माझा, पण आत पत्र दुसऱ्याचं. तुझ्या मास्तरीणबाईंना लिहिलेलं. म्हणजे माझं पत्र त्यांच्याकडे गेलं असणार. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे तूच मला शिकवलंस. पण मायना पाहून थांबेपर्यंत डोळे खाली गेले होते आणि मग थांबणं जमलं नाही. तू काय लिहिलंस हे मला माहीत आहे हे तुला कळावं, म्हणून इथे जसंच्या तसं उतरवतो:

"मागच्या मंगळवारी येऊ शकले नाही. गाठ उजवीकडेच आहे, बगलेच्या खाली दोन बोटं. वरून दिसत नाही, पण हाताला स्पष्ट लागते. आधी एकच होती, आता शेजारी दुसरी. इतके दिवस उगीच अंगावर काढलं. तुम्ही म्हणता तसं बे.उ. करावं, असं माझंही मत झालं आहे. मग पाठही जाईल, पण इलाज नाही. या मंगळवारी दवाखान्यात दाखवते, तुम्ही बघून काय ते ठरवा. माझ्या भावाला मात्र यातलं काही कळता कामा नये. डिसेंबरात त्याला साठ पूर्ण होताहेत, तो दिवस तरी नीट पार पडू दे."

ताई, मी हे कितीदा वाचलं ते सांगत नाही. बे.उ. म्हणजे काय ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "अशा नावाचं औषध नाही. बेशुद्ध करून उपचार, असं असेल." मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसलो.

मंडळ कसलं ते तू का सांगत नव्हतीस, तेही कळलं. आजारी माणसांचं मंडळ आहे ना? एकमेकांना धीर देणाऱ्यांचं?

आता मी रागाने लिहितो आहे, ते समजून घे. आईच्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. मला "परीक्षेचा अभ्यास कर" म्हणून मावशीकडे पाठवलंत. मी परत आलो तेव्हा आईचा पलंगसुद्धा खोलीत नव्हता. त्या जागी जमिनीवर चार पायांच्या चार खुणा होत्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते ठरवलं होतं, आणि ते माझ्या भल्यासाठी होतं, हे मी आजवर हजारदा ऐकलं आहे. आता मी साठीचा आहे. आता माझं भलं करू नकोस. मला सांग.

उलट टपाली उत्तर दे. नाहीतर मी येतो.

भुंग्या


२० ऑगस्ट

चि. भुंग्या,

अरे वेड्या, ते स्वेटर आहे!

विणकामाचं मंडळ आहे आमचं. तुला साठाव्या वाढदिवसाला स्वेटर विणते आहे आणि ते गुपित ठेवायचं होतं. ते आता गेलं बाराच्या भावात. लोकर जोडताना उजव्या बगलेखाली गाठ राहून गेली. ती लपवायला गेले तर शेजारी दुसरी पडली. आता ऐक. बे.उ. म्हणजे "बेधडक उसवणे". अ.रा. म्हणजे "अर्धवट राहिलेलं". सा.ज. म्हणजे "सात जन्म पुरेल इतकी" लोकर, जी आमच्यातल्या प्रत्येकीच्या पलंगाखाली असते आणि नवऱ्यांना ठाऊक नसते. दवाखाना म्हणजे मंगळवारचा शेवटचा अर्धा तास. त्यात बिघडलेली विणकामं मास्तरीणबाईंपुढे ठेवायची आणि त्या चष्मा पुसून निदान करतात. पाठ म्हणजे तुझ्या स्वेटरची पाठ. मी बगलेपर्यंत पुढचं-मागचं एकत्र विणलं होतं, म्हणून एक उसवलं की दुसरंही जाणार.

तुझ्यासाठी लिहिलेलं पत्र मास्तरीणबाईंना मिळालं. त्यात मी त्यांना "आमची हुकूमशहा" म्हटलं होतं. त्यांनी लाल शाईने शुद्धलेखन तपासून ते मला परत दिलं.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की ठसका लागला. औषधवाल्याला माझा नमस्कार सांग. उत्तराला उशीर झाला, जरा कामात होते.

पलंगाच्या खुणांचं तू मला कधी बोलला नव्हतास.

तुझी,
ताई


२७ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र मी उभ्या उभ्याच, टपालपेटीपाशी वाचलं आणि तिथेच मोठ्याने हसलो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं मला लॉटरी लागली. मग घरी येऊन भूक लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! बायकोने आणलेला अख्खा पाव मी संपवला. औषधवाल्याला सांगितलं तर तो उलट माझ्यावरच रागावला, "लोकांना घाबरवायला अशी नावं ठेवतात का!"

मंडळाचं पटलं. स्वेटर पटलं. हुकूमशहा पटली.

पण बायकोने रात्रीच्या जेवणानंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले. तुला माहीतच आहे, ती बोलते कमी. ती म्हणाली, "ताईंनी सगळ्या ओळी समजावल्या. एक सोडली." मी म्हटलं, कुठली? तिने बोट ठेवलं. "इतके दिवस उगीच अंगावर काढलं."

मी म्हटलं, स्वेटरबद्दलच असेल.

ती म्हणाली, "स्वेटर अंगात घालतात. अंगावर काढतात ते दुखणं."

ताई, उत्तराला बारा दिवस का लागले?

भुंग्या


१ सप्टेंबर

भुंग्या,

तुझ्या बायकोला माझा साष्टांग नमस्कार. वयाने मोठी असले तरी.

ते पत्र लिहिताना माझ्या मनात फक्त लोकर होती. शपथेवर सांगते. ती ओळ पेनातून कशी उतरली ते मला ठाऊक नाही. तुझ्या पत्रात तुझ्या अक्षरात ती वाचली तेव्हा मी आधी हसले ते खरं, ठसका लागला तेही खरं. मग पाणी प्यायले, पुन्हा वाचली आणि खुर्चीत बसून राहिले.

कारण गाठ आहे. लोकरीची नव्हे. उजवीकडे नाही, डावीकडे आहे, छातीत, वाटाण्याएवढी. फेब्रुवारीत अंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती. रोज सकाळी वाटायचं, आज नसेल. रोज असायची. मंडळात जायला लागले तेही त्यामुळेच असावं. विणताना हात गुंतलेले असतात, तिकडे जात नाहीत. आणि ती स्वेटरची गाठ निघाली तेव्हा एवढ्याशा लोकरीपायी मी दोन रात्री झोपले नाही, याचं मलाच नवल वाटत होतं. आता वाटत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा क्षणभर वाटलं, माझंच गुपित पाकिटातून पळून तुझ्याकडे गेलं. बाजू चुकली, जागा चुकली, पण तू विचारत होतास तेच मी सहा महिने स्वतःला विचारत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे यंत्राखाली फोटो काढले. बारा दिवस असे गेले. आता ९ तारखेला सुई घालून तिथला तुकडा काढणार आहेत आणि तो तपासायला जाईल.

घाबरले आहे. तू सांग म्हणालास म्हणून सांगितलं. आता तुझ्याही डोक्याला ताप झाला, आणि मला मात्र गेल्या सहा महिन्यांत नव्हतं इतकं हलकं वाटतं आहे. हा अन्याय आहे, पण आहे.

ताई


४ सप्टेंबर

ताई,

सोमवारी सकाळी पोचतो, म्हणजे ९ तारखेच्या आदल्या दिवशी. रजा मागितलेली नाही, सांगितली आहे. स्टेशनवर येऊ नकोस.

भुंग्या


२२ सप्टेंबर

चि. भुंग्या,

परवा दवाखान्यातून फोन केला तेव्हा मी फक्त "साधी आहे, साधी आहे" एवढंच ओरडले. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. रांगेतले लोक बघत होते, म्हणून ठेवला. आता सविस्तर लिहिते.

तू परत गेलास आणि नंतरचे आठ दिवस मी घड्याळ भिंतीवरून उतरवून ठेवलं होतं. शनिवारी अहवाल आणायला मास्तरीणबाई सोबत आल्या. मी नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "ही विनंती नाही." अहवालाचं पाकीट खिडकीतून मिळालं आणि डॉक्टरांचा नंबर यायला वेळ होता. उघडू नये असं ठरवलं आणि दोन मिनिटांत उघडलं. सगळा कागद अक्षरांच्या गठ्ठ्यांनी भरलेला. तीन अक्षरं, टिंब, दोन अक्षरं, मग एक आकडा, मग पुन्हा चार अक्षरं. मी सरळ वाचलं, उलट वाचलं. मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून वाचलं आणि एकदम भडकल्या. "माणसाला कळेल असं लिहायला काय होतं हो यांना!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा असंच झालं होतं का?" मी हो म्हटलं. त्या माझा हात धरून बसल्या.

डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी. कागद बघून म्हणाली, "साधी गाठ आहे."

मी विचारलं, "साधी म्हणजे काय? हा तुमच्यातला काही खास शब्द आहे का?"

ती आधी गोंधळली, मग हसली. म्हणाली, "नाही हो आजी. साधी म्हणजे साधी. कॅन्सर नाही. काढायचीही गरज नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवा."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. कान खराब आहेत, असं सांगितलं. ते खरंच आहेत, पण ते वाक्य मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा फक्त ऐकायचं होतं.

बाहेर आले तर दुपारचं ऊन जिन्यावर पडलं होतं, आणि पायऱ्या मी पोरीसारख्या झपाझप उतरायला लागले तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता इथे पडू नका, पुन्हा आत न्यावं लागेल." आम्ही कोपऱ्यावर चहा प्यायलो. दोन-दोन कप. घरी येऊन मी दुपारी चारला झोपले ते एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी उठले.

मंडळात आता मला काम लागलं आहे. आमच्या सगळ्या आखूड नावांचा तक्ता करून भिंतीवर लावायचा, असा मास्तरीणबाईंनी ठराव केला आणि स्वतःच मंजूर केला. नव्या बाईला कुणी विचारायची गरज पडू नये म्हणून. एकशे अकरा नावं निघाली, भुंग्या! त्यातली चार अशी होती की त्यांचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. सगळ्या जणी वर्षानुवर्षं नुसत्या माना डोलावत होत्या.

आता एक गोष्ट, जी हसण्यासारखी नाही.

९ तारखेला दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा तू विचारलंस, "आईने तुला तरी आधी सांगितलं होतं का?" मी नाही म्हणाले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी सुटले. ते खरं नव्हतं. आईने मला दोन महिने आधी सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता. आणि तुला न सांगण्याचं वचन घेतलं. मावशीकडे पाठवायची कल्पनाही माझीच. मी चोवीस वर्षांची होते, मला वाटलं मोठं झालं की असंच करतात. तू तिकडून तिला पत्रं लिहायचास. त्यात नेहमी एक प्रश्न असायचा, "मी कधी येऊ?" ती पत्रं मी तिला वाचून दाखवायचे आणि तो प्रश्न गाळायचे.

हे मी पंचेचाळीस वर्षं अंगावर काढलं. आता तुझ्या हवाली करते. तुला जे वाटेल ते वाटू दे, आणि ते लिही. न वाटल्यासारखं करू नकोस.

पुढची तपासणी १८ मार्चला आहे. मी एकटी जाऊ शकते. पण जाणार नाही.

तुझी,
ताई


३० सप्टेंबर

प्रिय ताई,

तू लिहितेस की मी फोनवर काय म्हणालो ते तुला ऐकू आलं नाही. मी काहीच म्हणालो नव्हतो. मी एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत होतो. "साधी आहे" ऐकलं आणि अवजारांच्या पेटीवर बसलो. सोबतचा गडी म्हणाला, "काय झालं?" त्यालाही सांगता येईना. मी नुसता मान हलवत होतो. त्याला वाटलं, कोणीतरी गेलं. त्याने टोपी काढली. तेव्हा कुठे मला हसू फुटलं आणि मग रडू. खाली लोक अर्धा तास जिना चढत होते आणि आम्हाला शिव्या देत होते.

आईचं वाचलं. तू म्हणालीस न वाटल्यासारखं करू नकोस, म्हणून चार दिवस थांबलो. राग आला. पहिल्या दिवशी चांगलाच आला. बायकोला म्हटलं, मी उत्तर देणार नाही. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी कामावर असताना एकदम डोळ्यांपुढे आलं की तू आईच्या उशाशी बसून माझं पत्र वाचते आहेस आणि ती ओळ आली की थांबते आहेस. प्रत्येक पत्रात. ते तुला एकटीला करावं लागलं. चोवीस म्हणजे काय वय आहे? आमच्याकडे नवीन आलेला मुलगा चोवीसचा आहे, त्याला स्वतःच्या बुटांची नाडी नीट बांधता येत नाही.

मग रागाच्या जागी हात घातला तर तो तिथे नव्हता. उरला असेल थोडा. उरला तर सांगेन.

मार्चचं बायकोला सांगितलं. तीही येते म्हणते, पहाटेची पाळी कुणाला तरी देऊन. तारीख अठरा ना? आम्ही सतरालाच येतो.

तुझा,
भुंग्या